नाइट, लॉरा
(४ ऑगस्ट १८७७ – ७ जुलै १९७०). इंग्लंडमधील दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट; प्रकाश व रंगांचा डोळ्यांवर उमटणारा क्षणिक ठसा टिपणाऱ्या) परंपरेतील अग्रगण्य चित्रकर्त्री. जन्म डर्बीशरमधील लाँग ईटन येथे. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि कलाशिक्षिका असलेल्या आईने, शार्लट जॉन्सन यांनी, मुलींना वाढवले. वयाच्या तेराव्या वर्षीच लॉरा नॉटिंगहॅमच्या कलाशाळेत दाखल झाल्या. तेथे विद्यार्थिनींना जिवंत नग्न मॉडेलसमोर बसून अभ्यास करण्याची मुभा नव्हती, त्यांनी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करायचे, असा दंडक होता. हे बंधन लॉरा यांच्या मनात कायम सलत राहिले आणि पुढील अनेक चित्रांचे मूळ तेथेच शोधावे लागते.

याच शाळेत भेटलेले चित्रकार हॅरल्ड नाइट यांच्याशी १९०३ मध्ये त्यांचा विवाह झाला. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील स्टेथ्झ या कोळीवाड्यात दोघांनी काही वर्षे काम केले. तेथील कष्टाचे, अनेकदा मृत्यूशी गाठ घालणारे कोळी जीवन त्यांच्या त्या काळातील करड्या, गडद रंगांत उतरले आहे. नेदरलँड्समधील लारेन येथेही त्यांनी काम केले. १९०७ मध्ये दोघे कॉर्नवॉलमधील न्यूलिन येथे गेले, नंतर जवळच्या लॅमोर्ना येथे राहिले, आणि लॉरा यांची रंगपेटी जणू उजळून निघाली. ‘द बीच’ या १९०९ च्या चित्रात आणि कड्यांवर उभ्या असलेल्या, समुद्राकडे पाहणाऱ्या स्त्रियांच्या चित्रमालिकेत ऊन, वारा आणि पाण्यावरील चकाकी मोकळ्या, जलद कुंचल्याने टिपलेली दिसते. त्यांच्या दृक्प्रत्ययवादाचे सर्वांत निखळ रूप याच काळात आढळते.

१९१३ च्या आत्मचित्रात नाइट यांनी स्वतःला पाठमोरे, लाल जाकीट व हॅट घालून, नग्न मॉडेलचे चित्र रंगवताना दाखवले आहे. मॉडेल म्हणून त्यांची मैत्रीण, कलावंत एला नेपर, उभी होती. मॉडेल, तिच्याकडे पाहणारी चित्रकर्त्री आणि फलकावर आकार घेणारे चित्र अशी तिहेरी रचना येथे आहे. जे पाहण्यास शाळेने मनाई केली होती, ते पाहण्याचा अधिकार एका स्त्रीने येथे उघडपणे बजावला आहे. लंडनमधील प्रमुख कलासंस्था रॉयल अकॅडमीने हे चित्र प्रदर्शनासाठी नाकारले आणि एका नामांकित समीक्षकाने त्याला अश्लाघ्य ठरवले. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर त्या लंडनला आल्या. निर्माता द्यागिलेफच्या रशियन बॅले (नृत्यनाट्य) मंडळींच्या रंगपटात, सर्कशीच्या तंबूत आणि एप्सम व अ‍ॅस्कटच्या घोडशर्यतींना जमणाऱ्या जिप्सी कुटुंबांत बसून त्यांनी चित्रे काढली. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील, वर्णभेदामुळे वेगळ्या ठेवलेल्या कक्षांतील कृष्णवर्णीय रुग्णांचीही त्यांनी चित्रे काढली. प्रयोगाभिमुख समीक्षकांना ही वास्तवदर्शी शैली जुनी वाटे. परंतु ज्या माणसांकडे इतरांनी क्वचितच नीट पाहिले, त्यांच्याकडे नाइट यांनी धीराने पाहिले, हे विसरता येत नाही.

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधील कलास्पर्धेत मुष्टियोद्ध्यांच्या चित्रासाठी त्यांना रौप्यपदक मिळाले, तर १९२९ मध्ये ‘डेम’ हा स्त्रियांना दिला जाणारा ब्रिटिश किताब. १९३६ मध्ये त्या रॉयल अकॅडमीच्या पूर्ण सदस्य म्हणून निवडल्या गेल्या. १७६८ च्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोघी होत्या. त्यानंतर पूर्ण सदस्यत्व मिळवणारी पहिली स्त्री निघायला १६८ वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शासनासाठी चित्रे केली. न्यूपोर्टच्या शस्त्रकारखान्यात विमानविरोधी तोफेचा अत्यंत काटेकोर भाग लेथवर घडवणारी तरुण कामगार रूबी लॉफ्टस हिचे १९४३ मधील चित्र त्यांत विशेष गाजले. १९४६ मध्ये त्या जर्मनीतील नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्याला उपस्थित राहिल्या. तेथील चित्रात आरोपींच्या रांगा काटेकोर वास्तवदर्शी आहेत, पण न्यायालयाची भिंत विरून तिच्या जागी उद्ध्वस्त, जळते शहर दिसते. डोळ्यांना दिसेल तेच रंगवणाऱ्या या चित्रकर्त्रीला तेथे केवळ दिसणारे पुरेसे वाटले नाही.

१९६५ मध्ये रॉयल अकॅडमीने त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. हयात स्त्री कलावंताला हा मान तेथे प्रथमच मिळाला. हॅरल्ड यांचे १९६१ मध्ये निधन झाले होते. लॉरा यांचे निधन लंडन येथे झाले.