घरातील विजेचे धोके : ओळख

घरातील वायरिंग, स्विचबोर्ड किंवा उपकरण बिघडू लागले की त्याची चिन्हे हाताला, नाकाला, कानाला, डोळ्यांना आधीच जाणवतात. त्यांवरून शॉकचा वा आगीचा संभव वेळीच हेरणे म्हणजे विजेचे धोके ओळखणे. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. ठाणे आणि नवी मुंबईत तो मुख्यतः महावितरणकडून होतो. मीटरच्या पुढचे वायरिंग घरमालकाचे असते, आणि एकदा जोडणी मिळाली की ते तपासायला सहसा कोणी येत नाही. म्हणून ही ओळख घरातल्या माणसांनाच हवी.

१ मिलिअँपिअरच्या (अँपिअरच्या हजाराव्या भागाच्या) आसपासचा प्रवाह अंगाला झिणझिण्या आणतो. साधारण १० च्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ‘करंटने धरून ठेवले’ म्हणतात ते हेच. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह थोडा वेळ जरी टिकला, तरी हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. ओल्या अंगाचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, हजार ओहमपर्यंत उतरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बला यापेक्षा जास्त प्रवाह लागतो.

इथे एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे लोक निर्धास्तपणे सांगतात. पण एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर वाढला की आपोआप पडणारी कळ, वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीची मर्यादा माणसाला घातक ठरणाऱ्या प्रवाहाच्या पाचशे पटींहून मोठी आहे. शॉक बसत असताना ती जागची हलणार नाही. माणसासाठी लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) पूर्ण परतला नाही, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की तो पुरवठा तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर आरसीसीबी बदलावा.

झिणझिण्या हे सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारे चिन्ह. फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की मुंग्या येतात, वॉशिंग मशीनचा पत्रा ‘जरासा मारतो’, गीझर चालू असताना नळ चावतो. घरातले लोक हळूहळू चप्पल घालून फ्रिज उघडायला शिकतात आणि पाहुण्यालाही तसे सांगतात. खरे तर उपकरणाच्या पत्र्यात प्रवाह उतरतो आहे आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही, असा त्याचा अर्थ. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन ही त्या वाटेची सुरुवात. ती तुटलेली असेल, दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर उपकरण चालवले जात असेल किंवा भिंतीतली हिरवी वायर कुठेच जोडलेली नसेल, तर अर्थिंग, म्हणजे जमिनीत जाणारी ही वाट, नाहीच. काही घरांत सॉकेटच्या आतच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून ‘अर्थिंग करून दिलेले’ आढळते. हे तर जास्तच घातक, कारण न्यूट्रल कुठे तुटली तर उपकरणाच्या सगळ्या पत्र्यावर फेज येते. साध्या टेस्टरने यातले काहीच कळत नाही. तो फक्त फेज दाखवतो. अर्थिंग वायरमनकडून मोजूनच घ्यावे लागते.

दुसरे चिन्ह उष्णतेचे. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो. सॉकेटमधली जोडणी सैल होऊन तिथे अर्धा ओहम जरी रोध आला, तरी त्या एका ठिपक्यात जवळपास ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली २५ वॅटची डाग देण्याची कांडी याहून कमी तापते, आणि इथे ती भिंतीत प्लॅस्टिकच्या डबीत असते. प्रवाह वाढलेला नसल्याने एमसीबीला याचा पत्ता लागत नाही, आणि गळती नसल्याने आरसीसीबीलाही. पत्ता लागतो तो माणसाला : सॉकेटच्या भोकाभोवती आधी पिवळसर, मग तपकिरी कडे उमटते, प्लगची एक पिन काळवंडते, स्विचमधून चुरचुर ऐकू येते. तापलेल्या काही प्लॅस्टिकना मासळीसारखा वास येतो. खाडीकाठच्या घरात तो बाहेरून आला असे वाटून सहज सुटतो. मासळी आणलेली नसताना बोर्डाजवळच वास येत असेल, तर मेन बंद करून बोर्ड उघडून घ्यावा.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. वाशी, नेरुळमधील तिच्या जुन्या घरांचे वायरिंग पंखे, ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या हिशेबाने झालेले होते. आता त्याच वायरीवर एसी, गीझर आणि इंडक्शन शेगडी आली आहे. कोपरखैरणे, घणसोलीत छोट्या माथाडी घरांवर मजले चढले, तेव्हा अनेकदा खालच्याच बोर्डातून वर वायर ओढली गेली. एमसीबी सारखी पडते म्हणून १६ च्या जागी ३२ ची बसवणे हा अशा घरांतला नेहमीचा ‘उपाय’. त्याने एमसीबी पडायची थांबते आणि तिच्याऐवजी वायर तापू लागते. एक्स्टेंशन बोर्डावर गीझर, इस्त्री किंवा एसी चालवणे याच जातीचे.

सगळे दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके तेजाळले, पंखे पळू लागले किंवा एका खोलीत उजेड वाढून दुसरीत मंदावला, तर इमारतीची न्यूट्रल सुटल्याची शक्यता मोठी असते. तीन फेजच्या पुरवठ्यात अशा वेळी घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. क्षणही न दवडता मेन स्विच पाडावा आणि महावितरणला १९१२ वर कळवावे.

पावसाळ्यात धोके वाढतात. पश्चिमेकडच्या भिंती ओल धरतात, बाहेरच्या बेलच्या बटणात पाणी जाते, बाल्कनीतल्या सॉकेटला बुरशी येते. अशा दिवसांत आरसीसीबी वारंवार पडतो आणि वैतागलेले घर वायरमनला सांगते, ‘याला बायपास कर.’ गळती खरोखर होत असल्यामुळेच तो पडत असतो. एकेक एमसीबी बंद करत गेले की दोषी भाग सापडतो. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार वायरीपासून दूर असावी. गणपती-दिवाळीच्या माळा खिडकीच्या ग्रिलला गुंडाळू नयेत, कारण त्यांची वायर पातळ असते आणि ग्रिलला हात लहान मुलांचाच आधी लागतो. तळमजल्याच्या मीटर खोलीत सायकली, रद्दी, जुने दरवाजे ठेवण्याची पद्धत तर सोसायटीने त्याच दिवशी मोडावी : आग तिथे लागली, तर धूर थेट जिन्यात चढतो.

शॉक बसत असलेल्या माणसाला हाताने ओढू नये. आधी मेन पाडावा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकलावे. श्वास नसेल तर छातीदाब सुरू करून १०८ ला फोन करावा. माणूस लगेच उठून बसला आणि ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा.