मॉडचे पैसे नेमके कोणाचे?

२३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह या कंपनीने स्टीम या आपल्या ऑनलाइन गेमच्या दुकानात बेथेस्डा कंपनीच्या ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड, म्हणजे खेळाडूंनी मूळ गेममध्ये घातलेली भर, विकायची सोय केली आणि २७ एप्रिलला ती गुंडाळली. सगळा प्रकार चार-पाच दिवसांचा. पण मॉडला पैसे लावावेत का, हा विषय निघाला की अजूनही सगळे तिथूनच सुरुवात करतात. भांडण मात्र त्याच्या वीस वर्षं आधीचं आहे.

१९९३ साली आलेल्या ‘डूम’ या गेमने नकाशे, चित्रं, आवाज इंजिनापासून, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमपासून, वेगळ्या ‘वॅड’ नावाच्या फाइलमध्ये ठेवले. मूळ गेमला धक्का न लावता कोणालाही आपली लेव्हल, म्हणजे खेळाचा नवा टप्पा, जोडता येऊ लागली आणि हौशी मंडळी ती फुकट वाटू लागली. मग टीमटीएनटी या गटाचा ‘एव्हिल्यूशन’ हा लेव्हलचा संच मोफत मिळणार, तोच ‘डूम’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने तो विकत घेतला. १९९६ मध्ये तो ‘फायनल डूम’मधून दुकानात आला. ताटावर बसलेल्यांना उठवावं, तसं झालं!

त्याच सुमारास मायक्रो स्टार या कंपनीने ‘ड्यूक न्यूकेम ३डी’ या गेमच्या खेळाडूंनी बनवलेल्या ३०० लेव्हल इंटरनेटवरून गोळा केल्या आणि सीडीवर घालून विकल्या. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने त्या विक्रीने कॉपीराइटचा भंग होतो असं ठरवलं: ड्यूक या गेमच्या नायकाच्या नव्या साहसांवर हक्क मूळ मालकाचा. लेव्हल बनवणारे त्या खटल्यात पक्षकारसुद्धा नव्हते. मला सगळ्यात बोलकी वाटते ती हीच गोष्ट.

२०१५ मध्ये स्टीमवर निदान मॉड बनवणाऱ्यांना वाटा मिळाला, शंभरातले २५. व्हॉल्व्हला ३०, बेथेस्डाला ४५. संताप त्या आकड्यांवर होताच, पण खरी गोची वेगळी होती. मॉड एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. मासेमारीच्या एका मॉडला दुसऱ्याचा फुकट मॉड लागत होता. त्यावरून वाद पेटला आणि विक्रीला ठेवलेला तो मॉड मागे घ्यावा लागला. फुकटच्या देवाणघेवाणीत उसनवारी कोणी मोजत नव्हतं. किंमत लागली आणि हिशेब सुरू झाले.

बेथेस्डाने मग २०१७ च्या ‘क्रिएशन क्लब’ या आपल्याच विक्रीच्या सोयीमध्ये निवडक मंडळींकडून पैसे देऊन काम करून घेतलं, आणि जुने मॉड तिथे घेतलेच नाहीत. २०२३ मध्ये ‘क्रिएशन्स’ आलं, मॉडर पुन्हा स्वतःचं काम विकू लागले. अट एक: विकायचा मॉड दुसऱ्या कोणाच्या मॉडवर अवलंबून नको.