अंतराळवीर मोहिमांचा सरकारी निधी : अग्रक्रमाचा वाद

माणसाला अंतराळात पाठवण्यावर सरकारने किती खर्च करावा, कोणती मोहीम आधी घ्यावी आणि त्यासाठी कोणाच्या वाट्याला कात्री लावावी, याविषयीचा वाद. अंतराळवीर पाठवणाऱ्या प्रत्येक देशाला तो चुकलेला नाही. मात्र अमेरिकेत अर्थसंकल्पाची छाननी उघडपणे आणि मतदानाने होत असल्यामुळे या वादाचे सर्वांत भरगच्च दप्तर तिथे सापडते. ही नोंद मुख्यतः त्या देशाविषयी आहे.

लोकांच्या तोंडी दोन प्रश्न असतात : गरिबी असताना अंतराळ कशाला, आणि यंत्राने भागते तिथे माणूस कशाला? दोन्ही रास्त आहेत. पण निधीचा निकाल बहुतेक वेळा तिसऱ्याच गोष्टीवर लागतो : दहा-पंधरा वर्षांचे काम दरवर्षी नव्याने मंजूर होणाऱ्या पैशावर कसे ओढायचे?

वाटा किती

१९६६ मध्ये नासाचा वाटा संघराज्याच्या एकूण खर्चाच्या सुमारे ४.४ टक्के होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो कार्यक्रमाचा खर्च १९७३ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, २५.४ अब्ज डॉलर असा कळवण्यात आला. त्या काळाकडे बोट दाखवून 'तेव्हा जमले, मग आता का नाही' असे विचारले जाते, पण ती पातळी हाच अपवाद होता. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी व्हाइट हाउसमध्ये झालेल्या बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. चांद्रमोहीम लवकर उरकण्यासाठी ४० कोटी डॉलर जादा मागावेत का, हा विषय होता. नासाचे प्रमुख जेम्स वेब म्हणत होते की चंद्र हा अनेक अग्रक्रमांपैकी एक आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना तोडून सांगितले की रशियाला मागे टाकणे हाच मुख्य हेतू आहे, तसे नसेल तर एवढा पैसा घालू नये, कारण आपल्याला अंतराळात तेवढा रस नाही. शर्यत जिंकल्यावर पैसा आटला, यात नवल नाही.

गरिबीचा प्रश्नही तेव्हाच थेट उड्डाणतळावर पोचला. अपोलो-११ च्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अॅबरनथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबे घेऊन केप केनेडीला आले. तेव्हाचे नासाप्रमुख टॉमस पेन भुरभुर पावसात त्यांना सामोरे गेले. उड्डाणाचे बटण न दाबल्याने गरिबी सुटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि काही कुटुंबांना उड्डाण पाहण्याचे पास दिले. पेन यांच्या उत्तरात सौजन्य होते, तशी पळवाटही होती. वाचलेला पैसा कुठे जातो हे त्यात येत नाही.

वाचलेला पैसा कुठे जातो

व्हाइट हाउसचे अर्थसंकल्प कार्यालय नासाची मागणी छाटून राष्ट्राध्यक्षांचा प्रस्ताव तयार करते. काँग्रेसमध्ये त्याला दोन वेगळे कायदे लागतात : एक कार्यक्रमाला अधिकार देणारा, दुसरा प्रत्यक्ष पैसा देणारा. पहिला मंजूर झाला म्हणून पैसा मिळतोच असे नाही. बातम्यांत ही गल्लत नेहमीची. पैशाच्या विधेयकांसाठी बारा उपसमित्या असतात आणि प्रत्येकीला आधीच एक ठरावीक रक्कम वाटून दिलेली असते. खरी झटापट त्या एका पातेल्यात होते. नासा आज वाणिज्य, न्याय व विज्ञान या उपसमितीत आहे, म्हणजे तिचे स्पर्धक एफबीआय, तुरुंग, जनगणना, हवामानसंस्था आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान. २००५ पूर्वी ती माजी सैनिकांचे उपचार आणि गृहनिर्माण यांच्या पंगतीत होती.

१९९३ चे उदाहरण घ्यावे. २३ जून रोजी प्रतिनिधिगृहात अंतराळस्थानक रद्द करण्याची दुरुस्ती २१५ विरुद्ध २१६ अशी एका मताने पडली. त्याच वर्षी टेक्ससमधला महाकाय कणत्वरक (अणूतले कण प्रचंड वेगाने आदळवणारे यंत्र), सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर रद्द झाला. 'स्थानक वाचले म्हणून त्वरक मेला' असे अनेक शास्त्रज्ञ चिडून म्हणत. पण त्वरक ऊर्जा व जलविषयक विधेयकात होता, स्थानक दुसऱ्या विधेयकात. एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पोट भरण्याची वाटच नव्हती.

नासाच्या आत मात्र ओढाताण खरी असते. २०२४ च्या २४.९ अब्ज डॉलरपैकी विज्ञानाला ७.३, चंद्र-मंगळाकडच्या मानवी मोहिमांच्या खात्याला ७.७ आणि स्थानकासह कक्षेतल्या कामकाजाला ४.२ अब्ज मिळाले. २०२६ च्या प्रस्तावात व्हाइट हाउसने विज्ञानाची तरतूद जवळजवळ निम्म्यावर आणून मानवी मोहिमांची वाढवण्याचे सुचवले होते. माणूस विरुद्ध यंत्र हा वाद इथे आकड्यांत उतरतो. तरी सीमारेषा पुसट आहे : हबल दुर्बीण १९९३ ते २००९ दरम्यान अंतराळवीरांच्या पाच फेऱ्यांमुळे टिकली, उलट सुमारे १० अब्ज डॉलरची जेम्स वेब दुर्बीण अंतराळवीर दुरुस्तीला पोचणार नाहीत हे गृहीत धरूनच उभारली गेली.

बिघडते कुठे

नव्या यानाच्या विकासाला लागणारा पैसा टेकडीच्या आकाराचा असतो : सुरुवातीला थोडा, मध्ये खूप, शेवटी पुन्हा कमी. मंजूर होतो तो सपाट. मधली टेकडी कापली की काम पुढच्या वर्षांत ढकलले जाते, पण अभियंते, चाचणीतळ आणि कारखाने चालूच ठेवावे लागतात. या स्थिर खर्चाला त्या क्षेत्रात 'मार्चिंग आर्मी' म्हणतात : लढाई असो नसो, सैन्याला जेवण लागतेच. त्यामुळे वर्षाची बचत केली की एकूण बिल फुगते. अर्थवर्ष सुरू होते त्या १ ऑक्टोबरपर्यंत विधेयक मंजूर झाले नाही तर तात्पुरत्या ठरावाने गेल्या वर्षीच्याच पातळीवर पैसा मिळतो आणि नवे काम सहसा सुरू करता येत नाही. टेकडी चढायच्या वर्षी हा फटका सर्वांत जास्त बसतो.

याची उलट बाजूही आहे. सप्टेंबर १९७० मध्ये दोन अपोलो मोहिमा रद्द केल्या तेव्हा वाचले फक्त सुमारे ४.२ कोटी डॉलर, कारण रॉकेट तयार होते आणि माणसे कामावर होतीच. जादा फेरीचा खर्च आणि सरासरी खर्च यांत एवढी दरी असते. पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या स्पेस शटल यानाच्या हिशोबात तीच दरी दुसऱ्या अंगाने नडली. त्याचे आर्थिक समर्थन वर्षाला डझनावारी उड्डाणे गृहीत धरून केले होते. तीस वर्षांत झाली १३५. एकूण सुमारे २०९ अब्ज डॉलर (२०१० च्या किमतींनी) भागिले १३५, म्हणजे दर उड्डाणाला दीड अब्ज.

सपाट निधीचा सर्वांत विचित्र नमुना कॉन्स्टेलेशन कार्यक्रमाचा, म्हणजे शटलनंतर माणसाला पुन्हा चंद्राकडे नेण्याच्या योजनेचा. २००९ मध्ये मानवी मोहिमांचा आढावा घ्यायला सरकारने नेमलेल्या ऑगस्टाइन समितीने दाखवले की स्थानकापर्यंत माणसे नेण्यासाठी बनत असलेले एरिस-१ रॉकेट तयार होईल तेव्हा, त्या वेळच्या योजनेनुसार, स्थानक समुद्रात पाडून झालेले असेल. मानवी मोहीम अर्थपूर्ण करायची तर वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलर जादा लागतील, असा समितीचा हिशोब होता. ते मिळाले नाहीत. २०१० मध्ये कार्यक्रम रद्द करण्याचा प्रस्ताव आला. त्याच वर्षीच्या कायद्याने नव्या रॉकेटसाठी शक्य तिथे शटलचेच सुटे भाग आणि जुनीच कंत्राटे वापरायला सांगितले. मतदारसंघांतल्या नोकऱ्या टिकल्या. पण नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये त्या रॉकेटने जाणाऱ्या पहिल्या चार आर्टेमिस चांद्रमोहिमांचा खर्च प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर काढला, तोही विकासखर्च वगळून.

कंत्राटाचा प्रकारही महत्त्वाचा. खर्च अधिक नफा या पद्धतीत वाढीव बिल सरकार भरते. ठरावीक किमतीत ते कंपनीच्या अंगावर पडते. २०१४ मध्ये अंतराळवीरांच्या ने-आणीसाठी ठरावीक किमतीने बोइंगला ४.२ आणि स्पेसएक्सला २.६ अब्जांपर्यंतची कंत्राटे दिली गेली. बोइंगने पुढे आपल्या ताळेबंदात एक अब्जाहून अधिक तोटा दाखवला. ही पद्धत काय बांधायचे ते पक्के ठाऊक असेल तिथेच चालते.

प्रस्ताव वाचताना

आकडा कोणत्या वर्षाच्या डॉलरमध्ये आहे, उड्डाणतळ आणि जमिनीवरची यंत्रणा त्यात धरली आहे का, राखीव रक्कम किती, हे आधी पाहावे. १९८४ मध्ये स्थानकाची किंमत आठ अब्ज सांगितली गेली. त्यात तिथवर नेण्याची शटल-उड्डाणे नव्हती. अशा अंदाजांवर उतारा म्हणून नासा २००९ पासून मोठ्या प्रकल्पांना ठरलेल्या खर्चात आणि वेळेत पूर्ण होण्याची ७० टक्के शक्यता दाखवायला लावते. शेवटचा खर्च तर हमखास विसरला जातो : स्थानक सुरक्षितपणे पाडणाऱ्या यानासाठी जून २०२४ मध्ये ८४.३ कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट द्यावे लागले, आणि त्यात त्या यानाच्या प्रक्षेपणाचा खर्च धरलेला नाही.