२.४ की ५ गिगाहर्ट्झ : हा पेच आला कुठून?

राउटर लावला की वाय-फायची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकापुढे बऱ्याचदा ‘५जी’ असतं. (मोबाइलच्या ५जीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हा ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ ही रेडिओलहरींची वारंवारता; दुसरं नाव २.४ गिगाहर्ट्झचं.) मग जोडायचं कुठल्याला, हा पेच.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा (म्हणजे त्याच्या आसपासच्या वारंवारता) खरं तर यंत्रांच्या गोंगाटासाठी सोडलेला. १९४७ साली अटलांटिक सिटीतल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या उपकरणांसाठी काही पट्टे बाजूला काढले गेले. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने ९०० मेगाहर्ट्झ, २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ हे असे तीन पट्टे ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ रेडिओंना विनापरवाना खुले केले. संदेश रुंद पट्टाभर पसरला, की थोडीफार खरखर सोसता येते.

१९९७ मध्ये ८०२.११ हे वाय-फायचं पहिलं मानक आलं, वेग जेमतेम २ एमबीपीएस. खरी चुरस १९९९ ची. त्या वर्षी त्याच्या पुढची ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन मानकं एकदमच मंजूर झाली. ‘ए’ ५ गिगाहर्ट्झवर ५४ एमबीपीएस देणार होतं, ‘बी’ २.४ वर फक्त ११. तरी जिंकलं ‘बी’. ५ च्या चिपा बनवायला अवघड, म्हणून महाग, आणि उपकरणं बाजारात यायलाही उशीर; शिवाय त्या लहरी भिंतींपुढे लवकर नांगी टाकतात. २००३ मध्ये ‘जी’ने २.४ वरच ५४ चा वेग दिला आणि ‘ए’चं उरलंसुरलं आकर्षणही गेलं.

या विजयानेच २.४ ची कोंडी झाली. सुमारे ८३ मेगाहर्ट्झच्या जागेत एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. त्यात ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर. मग २००९ च्या ‘एन’ने दोन्ही पट्टे घेतले, २०१३ चं ‘एसी’ तर केवळ ५ वर गेलं.

५ वर जागा ऐसपैस, पण रडार आधीपासून तिथे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने वाय-फायला जादा जागा दिली, ती रडारला वाट देण्याच्या अटीवर. म्हणून त्या चॅनलवर राउटर आधी साधारण मिनिटभर कानोसा घेतो आणि मगच प्रक्षेपण सुरू करतो. ५ चं नाव उशिरा दिसलं की लोक राउटरलाच बोल लावतात, बिचारा नियम पाळत असतो.

२०२० मध्ये अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झमध्ये वाय-फायसारख्या विनापरवाना वापरासाठी तब्बल १,२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले. आता बरेच राउटर सगळ्या पट्ट्यांना एकच नाव देतात आणि उपकरणाला योग्य पट्ट्याकडे ढकलू पाहतात. पण कुठे जोडायचं, हे शेवटी फोनच ठरवतो.