हार्ट अटॅकमध्ये वेळ नेमका कुठे जातो?

सरकारी हॉस्पिटल आणि हृदयरोग असं एकत्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर कॅथलॅब, अँजिओप्लास्टी (बंद धमनी नळीतून फुगा घालून उघडणं), मोठमोठी मशिनं येतात, आणि जवळच्या छोट्या हॉस्पिटलात ती नसली की तिथे जाऊन काय उपयोग, थेट मोठ्याच ठिकाणी जाऊ असं लोक ठरवून टाकतात. मला हे फार धोक्याचं वाटतं. हार्ट अटॅकमध्ये जीव वाचवणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याचशा जुन्या, साध्या आणि स्वस्त आहेत. एक ईसीजी (हृदयातल्या विजेचा आलेख), एक अ‍ॅस्पिरिनची गोळी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आणि हृदय अचानक थरथरायला लागलं तर शॉक देणारं मशीन. हे सगळं लहान सरकारी हॉस्पिटलातही असू शकतं. कमी पडतो तो वेळ, आणि त्यातला मोठा हिस्सा पेशंट घरातून निघायच्या आधीच संपलेला असतो.

आधी आत काय होतं ते बघू. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून जाणाऱ्या कोरोनरी धमन्यांमधून, आणि त्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. आपल्याला वाटतं की पाइपात गाळ साठत जावा तशी चरबी साठत जाते आणि एक दिवस पाइप बंद होतो. हे चित्र अर्धंच खरं आहे. चरबीचा थर धमनीच्या भिंतीत असतो आणि त्यावर एक पातळ आवरण असतं, ते आवरण फाटलं की आतला मालमसाला रक्ताच्या संपर्कात येतो, शरीराला वाटतं जखम झाली, रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, धावून येतात आणि काही मिनिटांत तिथे गुठळी होते. गंमत नव्हे पण खरंच विचार करायला लावणारी गोष्ट ही, की पुष्कळ अटॅक अशा जागी येतात जिथे आधी धमनी निम्मीसुद्धा अरुंद झालेली नव्हती. म्हणूनच मागच्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल आली होती म्हणून आज छातीत दुखतंय त्याकडे दुर्लक्ष करायचं, असं अजिबात चालत नाही.

धमनी पूर्ण बंद झाली की साधारण वीस मिनिटांनंतर स्नायू मरायला लागतो. आधी सगळ्यात आतला थर, मग हळूहळू बाहेरच्या दिशेने, आणि काही तासांत भिंतीची पूर्ण जाडी. मेलेला स्नायू परत उगवत नाही, त्याजागी व्रण तयार होतो जो आकुंचन पावू शकत नाही, आणि अटॅकमधून वाचलेल्या माणसाला पुढे चालताना धाप लागणं, पाय सुजणं, रात्री झोपता न येणं असं जे सुरू होतं ते बऱ्याचदा या व्रणामुळे. म्हणजे उशीर झाला की फक्त जीव जायची शक्यता वाढते असं नाही, जगला तरी कसा जगणार हेही त्या पहिल्या दोन-तीन तासांतच ठरत असतं.

आणि ते दोन-तीन तास कुठे जातात? घरी. "गॅस झालाय", "आडवा हो जरा, बरं वाटेल", "सकाळपर्यंत बघू". छातीच्या मधोमध जड वाटणं, आवळल्यासारखं होणं, कुणी छातीवर बसलंय असं वाटणं, ते दुखणं डाव्या हातात, जबड्यात, मानेत, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणं, सोबत दरदरून घाम, मळमळ, धाप, अशी लक्षणं पंधरा-वीस मिनिटं राहिली तर तो गॅस आहे का हे घरी बसून कुणालाही ठरवता येत नाही, डॉक्टरलासुद्धा ईसीजीशिवाय नाही येत. त्यात डायबिटीस असलेले, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात छाती फारशी न दुखता नुसती धाप, प्रचंड थकवा किंवा उलट्या एवढंच असू शकतं. बायकांच्या बाबतीत तर मला जास्तच काळजी वाटते, कारण त्या स्वतःच दुखणं अंगावर काढतात आणि आजूबाजूचेही "टेन्शन घेतलं असेल" म्हणून सोडून देतात.

अशा वेळी पेशंटने स्वतः गाडी चालवत जाऊ नये. अँब्युलन्स बोलवावी कारण वाटेत हृदयाची लय बिघडली तर तिथे शॉक देता येतो. माणूस कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालू नाही असं दिसलं तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर दबेल अशा जोराने, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. बरगडी मोडेल ही भीती अनेकांना असते, मोडली तर जुळते हो, थांबलेलं हृदय मात्र आपोआप सुरू होत नाही.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं काम ईसीजी, आणि तो पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे असा जगभरचा नियम आहे. तुम्ही सोबत असाल तर "छातीत दुखतंय, ईसीजी काढा" हे स्पष्ट शब्दांत सांगा, केस पेपरच्या रांगेत गुपचूप उभं राहू नका. हा ईसीजी शंभर वर्षांहून जुना आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी तो विकसित केला आणि १९२४ चं नोबेल मिळवलं, त्यांचं मशीन तेव्हा जवळपास २७० किलोचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागायची. ते हॉस्पिटलात हलवणं शक्य नव्हतं म्हणून पेशंट हॉस्पिटलात आणि मशीन दीड किलोमीटरवर प्रयोगशाळेत, मधे टेलिफोनची तार, असं करून त्यांनी ईसीजी काढले. आज छोट्या हॉस्पिटलातला डॉक्टर ईसीजीचा फोटो मोबाइलवरून मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो आणि पाच मिनिटांत उत्तर मिळतं, मूळ कल्पना तीच.

ईसीजीत धमनी पूर्ण बंद झाल्याची खूण स्पष्ट दिसली तर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, लगेच उपचार सुरू होतो. खूण दिसली नाही तर ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात, स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. पण त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून दुखायला लागल्यावर लगेच केलेली एक टेस्ट नॉर्मल आली तरी काही तासांनी पुन्हा करतात, ईसीजीही पुन्हा काढतात. नातेवाइकांना वाटतं उगाच थांबवून ठेवलंय, तसं नसतं.

आता त्या इंजेक्शनबद्दल, कारण लहान हॉस्पिटलाचं खरं बळ इथे आहे. १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं की स्ट्रेप्टोकोकस जातीचे काही जंतू रक्ताची गुठळी विरघळवतात, त्या द्रव्याला पुढे स्ट्रेप्टोकायनेज नाव पडलं. त्यानंतर अर्धशतक ते खरंच उपयोगी आहे का यावर वाद चालले आणि १९८८ मध्ये आयसिस-२ नावाच्या अभ्यासाने तो वाद मिटवला. ४१७ हॉस्पिटलं, १७,१८७ पेशंट. ज्यांना स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन यातलं काहीच मिळालं नाही त्यांच्यात पाच आठवड्यांत १३.२ टक्के लोक हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. नुसत्या अ‍ॅस्पिरिनने, जी जगातल्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी एक, तिने एकटीने आकडा १०.७ वर आणला होता. मला हा अभ्यास फार मोठा वाटतो कारण त्याने दाखवून दिलं की एवढा फरक पाडायला आलिशान इमारत लागत नाही.

आज टेनेक्टेप्लेजसारखी नवी औषधं आहेत जी एका डोसमध्ये शिरेतून देता येतात. धोका नाही असं नाही, शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय का, कुठून रक्त जातंय का हे डॉक्टर घाईघाईत का होईना पण विचारतात, आणि तिथे खरं सांगणं आपलं काम आहे.

अँजिओप्लास्टी वेळेत मिळाली तर ती या इंजेक्शनपेक्षा सरस, यात शंका नाही. तिची वाट मोकळी केली ती जर्मनीतल्या वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने, १९२९ मध्ये त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि एक्स-रे काढायला चालत गेला. त्याला १९५६ मध्ये नोबेल मिळालं, आणि १९७७ मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी जाग्या माणसाची कोरोनरी धमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. पण इथे "वेळेत" हा शब्द महत्त्वाचा. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत धमनी उघडता येणार नसेल तर आधी जवळच्याच ठिकाणी इंजेक्शन द्या आणि मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवा, असं आज मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यामुळे छोट्या सरकारी हॉस्पिटलाला वळसा घालून तीन तास लांब जाणारी गाडी बघितली की खरंच जीव तुटतो, त्या तीन तासांत किती स्नायू वाचला असता.

याच्या उलट एक गैरसमज आहे. चालताना छातीत दुखतं, थांबल्यावर थांबतं, गेले काही महिने असंच आहे आणि वाढत नाहीये, अशा पेशंटला सरकारी ओपीडीत "आधी गोळ्या घ्या, नंतर बघू" असं सांगितलं की घरच्यांना वाटतं गरीब म्हणून टाळलं. पण ३७ देशांत ५,१७९ पेशंटवर झालेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०२० मध्ये छापून आले, अशा स्थिर दुखण्यात लगेच अँजिओग्राफी (धमन्यांचा एक्स-रे) करून स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) किंवा बायपास ऑपरेशन केल्याने, आधी नीट औषधं देण्याच्या तुलनेत, मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार दुखायचं त्यांना आराम नक्की जास्त पडला. तेव्हा या माणसासाठी गोळ्या हाच खरा उपचार असू शकतो. मात्र मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असेल, हृदयाचं पंपिंग फार कमी झालं असेल किंवा दुखणं अलीकडे वाढत चाललं असेल, बसल्या बसल्या दुखायला लागलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं नाही.

प्रतिबंधाबद्दल सगळे सगळं ऐकून असतात म्हणून मी थोडंच लिहितो, पण ब्लडप्रेशरचं मात्र सांगायलाच हवं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी १९४४ मध्ये १८६/१०८ होतं, सगळ्यात ताकदवान देशाचा प्रमुख, आणि डॉक्टरांकडे द्यायला धड औषध नव्हतं. १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. आज तेच बीपी कुठल्याही सरकारी दवाखान्यात साध्या जेनेरिक गोळ्यांनी आटोक्यात येतं, आणि तरी लोक "आता नॉर्मल आलं" म्हणून गोळी बंद करतात. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे. १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या ५,२०९ लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाशी संबंध सिद्ध झाला, आणि २००४ मध्ये ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवलं की पहिल्या अटॅकचा ९० टक्क्यांच्या आसपास धोका नऊ मोजता येण्यासारख्या गोष्टींनी समजावता येतो: तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, डायबिटीस, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळंभाज्या, व्यायाम, दारू. "आमच्या घराण्यातच आहे, काय करणार" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला वाटतं. घराण्याचा वाटा आहेच, पण तुमच्या हातातला वाटा खूप मोठा आहे. सिगारेट सोडली तर वर्षभरात हृदयरोगाचा वाढीव धोका जवळपास निम्मा होतो, दुसरं कुठलंच औषध एवढ्या कमी खर्चात एवढं देत नाही.

लहान मुलांचं एक वेगळंच. घसा दुखून ताप येतो, तो स्ट्रेप्टोकोकसमुळे असेल (हो, ज्या घराण्यातून ते गुठळीचं औषध मिळालं तेच) आणि उपचार झाला नाही तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, सांधे बरे होतात पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हे कळतं कधी, तर मुलगी मोठी होऊन गरोदर राहते आणि तिला अचानक धाप लागते तेव्हा. घशाच्या वेळी पेनिसिलिन, आणि एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, एवढ्याने हे थांबवता येतं. इंजेक्शन दुखतं, मूल रडतं, म्हणून आईबाप चुकवतात. कृपया चुकवू नका.

अटॅकनंतर डिस्चार्ज मिळतो तेव्हा हातात चार-पाच गोळ्या असतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन, बहुतेकदा बीपीच्या एक-दोन. स्टेंट टाकला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने मधेच बंद केली तर त्याच स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, ही भीती घालायला सांगत नाहीये, होतं तसं. स्टॅटिनला लोक उगाच घाबरतात. १९९४ च्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले होते. एवढ्या गोळ्या रोज लक्षात ठेवायच्या म्हणजे त्रास, म्हणून त्या एकाच गोळीत घालायची पॉलिपिलची कल्पना आली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तुमच्या हॉस्पिटलात मिळते का हे विचारा.

आणि एक छोटं काम आजच करा. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर शेवटच्या ईसीजीचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, सोबत चालू गोळ्यांची यादी आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का ते. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला ईसीजीत काहीतरी वेगळं दिसतं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो की हे जुनं आहे की आज नवीन आलंय, आणि जुना ईसीजी समोर असेल तर त्याचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं.