कुठं बसला होतात?

मैफल संपल्यावर दोन रसिकांचं एकमत होत नाही. एक म्हणतो, "तबल्याचा डग्गा काय घुमला आज! खर्ज पोटात जाणवत होता." दुसरा म्हणतो, "कसला घुमला? उजव्या तबल्याच्या काठावरची चाट तेवढी टणाटण ऐकू येत होती." मग कोणाचा कान तयार आहे यावर वाद सुरू होतो आणि माटुंगा स्टेशन येईपर्यंत तो चालतो. माझ्या मते या वादात सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न एकच आहे: तुम्ही कुठं बसला होतात? एका सभागृहात हजार माणसं बसली असतील, तर तिथं थोड्याफार फरकानं हजार मैफली झालेल्या असतात. हे भौतिकशास्त्र सांगतं.

गायकाचा सूर तुमच्यापर्यंत एका वाटेनं येत नाही. थेट आलेला आवाज पहिला पोहोचतो. त्यामागून भिंतींवर, छतावर आपटून परतलेले आवाज येतात आणि शेवटी उरतो तो सगळ्यांचा मिळून झालेला निनाद. थेट आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेलं परावर्तन मेंदू वेगळं मोजत नाही, ते मूळ आवाजातच मिसळून टाकतो. आवाज भरदार वाटतो, पण येताना मात्र तो मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये हे दाखवून दिलं. ३० मिलिसेकंदांत ध्वनी जेमतेम दहा मीटर जातो. म्हणजे बाजूची भिंत जवळ असलेल्या खुर्चीला ही भर मिळते, आणि रुंद सभागृहाच्या ऐन मध्यावर बसलेल्याला, तिकीट महाग असूनही, ती कमी मिळू शकते. बाजूंनी येणारी परावर्तनंच आपल्याला सुरांनी वेढल्याची जाणीव देतात. खोल बाल्कनीच्या खाली शेवटच्या रांगांत बसलात तर वरून येणारा निनाद अडतो. गाणं स्पष्ट ऐकू येतं, पण दूर कुठंतरी चालल्यासारखं वाटतं.

डग्ग्याचा वादही इथंच सुटू शकतो. माईक नसताना मंचावरचा आवाज खुर्च्यांच्या रांगांना जवळजवळ घासत मागे जातो. असं जाताना साधारण १०० ते २०० हर्ट्‌झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) पट्ट्यातला खर्ज आवाज खुर्च्यांच्या मधल्या खाचांमुळे लक्षणीय घटतो. १९६४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ही गोष्ट नोंदवली. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, याच पट्ट्याच्या आसपास फिरते. तळमजल्यावर मधल्या रांगेत बसलेल्याला डग्गा किरकोळ वाटला आणि बाल्कनीत, जिथं आवाज उतरत्या कोनातून येतो, तिथं तो घुमला, तर दोघंही खरं बोलत असतात. स्पीकर उंच टांगले की हा फरक बराच कमी होतो. शुद्ध, माईकविना मैफल ऐकायची हौस असलेल्यांनी मात्र खुर्ची निवडताना हे जरूर ध्यानात ठेवावं.

मुंबईला ही हौस भागवायला जागा आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेचं टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. किंग्ज सर्कलचं षण्मुखानंद सभागृह आसनसंख्येनं त्याच्या अडीचपटीहून मोठं. त्यामुळे एकच गायक महिन्याभरात दोन्हीकडे ऐकला, तर 'आवाज उतरला' किंवा 'चढला' असं ठरवण्याआधी जरा थांबलेलं बरं.

आणि सभागृहाचा सर्वांत मोठा आवाजशोषक म्हणजे आपण स्वतः! १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना. तिथं निनाद साडेपाच सेकंद टिकत होता, म्हणजे पहिला शब्द विरायच्या आत पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळत होते. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. शेजारच्या थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खुर्च्यांवर मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आणि आवाज कानाला ऐकू यायचा थांबेपर्यंतचा वेळ मोजायचा. सकाळी वर्ग भरायच्या आत गाद्या पुन्हा जागेवर. या रात्रींतून निनाद मोजण्याचं सूत्र निघालं, ते आजही वापरतात. त्याच मोजमापांतून कळलं की कपडे घातलेला माणूस उत्तम आवाजशोषक असतो. दुपारी रिकाम्या सभागृहात साउंडचेक करून लावलेला बॅलन्स संध्याकाळी हाउसफुल झाल्यावर बदलतो तो यामुळेच. पहिली दहा मिनिटं साउंडवाला बटणांशी झटत असेल तर त्याच्यावर चिडू नये. खोलीच बदललेली असते.

मोकळ्या मैदानात भिंती नसतात, तिथं हवा राज्य करते. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापालूझा या संगीत महोत्सवाचे मोठे जलसे होतात. मुंबईच्या उबदार हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावतो. मंचापासून शंभर मीटरवर उभं राहिलात तर ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि आवाज पाव सेकंदाहून थोड्या उशिरानं येतो. मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून मैदानात मध्येच स्पीकरचे टॉवर उभारतात. त्यांना सिग्नल तारेतून क्षणात पोहोचतो, म्हणून तो मुद्दाम रोखून धरावा लागतो. किती? मंचावरचा आवाज त्या टॉवरपर्यंत यायला जितका वेळ लागतो तितका, वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद. त्या किंचित उशिरामुळे कान फसतो आणि टॉवर शेजारी असूनही गाणारा समोर मंचावरच वाटतो. म्हणजे हासचाच नियम इथं कामाला लावलेला. वाऱ्याचं गणित मात्र कोणाच्या हातात नाही. वारा जमिनीजवळ मंद आणि वर वेगवान असतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज खाली वाकतो आणि उलट जाणारा वर निघून जातो. संध्याकाळी समुद्राकडून झुळूक आली की झांजेचा तीक्ष्ण आवाज मध्येच विरतो, पुन्हा येतो.

हजारो लोक एकत्र गातात तेव्हाही हाच उशीर दिसतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो, आणि तेवढ्या वेळात ध्वनी १७५ मीटर जातो. मैदानाच्या दोन टोकांचे लोक एका ठोक्याचं अंतर ठेवून गात असतात. तरी प्रत्येकाला वाटतं की सगळे अगदी बरोबर गाताहेत, कारण कानावर शेजाऱ्यांचाच आवाज भारी पडतो.

शरीरही आपल्या परीनं ऐकत असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका खऱ्याखुऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात, कानाला जवळजवळ न जाणवणारे अतिखर्ज स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना लोक जवळपास १२ टक्के जास्त हलत होते, आणि कोणाच्याही ध्यानात आलं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या १३२ श्रोत्यांच्या हृदयाच्या गतीतले आणि त्वचेच्या विद्युतवाहकतेतले चढ-उतार काही प्रमाणात जुळलेले आढळले. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी जे अंगावर येतं, त्याचाही माग लागला आहे: मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन अंगावर काटा येण्याच्या क्षणी तर सुटतंच, पण त्याच्या आधी, वाट पाहतानाही सुटतं, आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. २०११ चं हे संशोधन वाचताना मला तिहाईचा, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्याचा, तिसरा पल्ला आठवला.

'उत्तरार्धात आवाज गढूळ झाला' ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती कधी कधी आवाजाची नसून कानाची असते. मोठा आवाज तास-दीड तास ऐकला की कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी, थकतात. उंच, तीक्ष्ण आवाज बोथट होतात आणि घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. तरुण मुलांनी स्पीकरपासून लांब उभं राहावं आणि कानात इअरप्लग घालावेत, एवढी कळकळीची विनंती. केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मग खरं कोणाचं, हे ठरवायला कोणीतरी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग काढतं. त्याच्यावर मुळीच विसंबू नये. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. आवाज वाढला की तो आपोआप संवेदनशीलता कमी करतो, हळू झाला की वाढवतो, आणि खर्ज बराचसा छाटतो. गायकानं नाजूक आलापीपासून भरधाव तानेपर्यंत नेलेला सगळा प्रवास त्यात एकाच पातळीवर येतो. आणि रेकॉर्डिंग करणारा हात होता फक्त एका खुर्चीवरचा.