शिकवणी (शालान्त परीक्षेची)

शाळेच्या वेळेबाहेर, शुल्क घेऊन, मुख्यतः परीक्षेच्या तयारीसाठी दिलेले विषयशिक्षण. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने दहावीच्या, म्हणजे माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेच्या भोवती वाढली. नववीची वार्षिक परीक्षा संपताच सुट्टीतल्या बॅचपासून तिची सुरुवात होते. ‘शिकवण’, ‘शिकवणूक’ आणि ‘शिकवणी’ हे शब्द एकाच क्रियापदापासून आले असले तरी पहिल्या दोहोंत उपदेशाचा अर्थ टिकला आणि तिसरा शुल्काच्या व्यवहाराला चिकटला. बोलण्यात आणखी एक भेद केला जातो: दोनचार मुलांना घरी बसवून घेतात ती शिकवणी, आणि बॅचेस, फळा व फीची पावती असतात तो क्लास. पालक दोन्ही ‘लावतात’, शिकवणारे दोन्ही ‘घेतात’.

उगमाबाबत मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ पंतोजींच्या शाळेत आहे. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात झालेल्या पाहण्यांमधून असे दिसते की गावठी शाळांचे पंतोजी मुलांच्या घरून मिळणाऱ्या पैशांवर व धान्यावर निर्वाह करीत. म्हणजे शुल्क देऊन शिकणे मराठी समाजाला नवे नव्हते. मात्र पंतोजीची शाळा हीच मुलाची एकमेव शाळा होती. शिकवणीला शाळा आणि शाळेबाहेरची परीक्षा अशी दोन्ही अंगे लागतात. त्यामुळे तिचा आरंभ मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) मॅट्रिक परीक्षेपासून धरणारे दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. ही परीक्षा प्रथम १८५९ मध्ये झाली आणि उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत न्या. महादेव गोविंद रानडे होते. इंग्रजीचा पेपर अडू लागला तशी त्यासाठी वेगळा मास्तर ठेवण्याची पद्धत बहुधा त्यानंतरच्या दोनतीन दशकांत रुळली. त्या काळी शिकवणारा पुष्कळदा स्वतःच गरीब विद्यार्थी असे: वार लावून (आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी) जेवायचे आणि शिकवण्या करून फी भरायची. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनीही मुंबईत शिकवण्यांवर खर्च भागवला होता.

तिसरे मत आजच्या क्लासचा वंश त्याही पुढे, १९७५ नंतर शोधते. त्या वर्षी जुन्या अकरावीच्या जागी दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये निघाली आणि एकेका गुणाला किंमत आली. घरगुती शिकवणी आणि व्यावसायिक क्लास यांच्या वंशावळी वेगळ्या मानल्या, तर दुसरे व तिसरे मत एकमेकांच्या आड येत नाही.

शिकवणीचे स्वरूप प्रश्नपत्रिका ठरवते. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण गणिताचे आहे. गणित भाग १ (बीजगणित) व भाग २ (भूमिती) यांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे व दोन तासांचे असून अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ३५ लागतात. दोन्ही भागांचे गुण एकत्र धरले जात असल्याने कच्च्या मुलाला आधी बीजगणितावर पक्के करून भूमितीची तूट तिथून भरून काढणे, ही शिकवणीतली जुनी युक्ती आहे. प्रश्नपत्रिकेत गुणांची वाटणी अशी असते: पहिल्या प्रश्नात बहुपर्यायी ४ व एकेका गुणाचे उपप्रश्न ४, दुसऱ्यात (रिकाम्या चौकटी भरून) कृती पूर्ण करण्याचे ४ व सोडवण्याचे ८, तिसऱ्यात ३ व ६, चौथ्यात ८, पाचव्यात ३. म्हणजे पहिले दोन प्रश्नच निम्मे गुण देतात. तरीही हुशार मुले चौथ्या प्रश्नाला आधी हात घालतात आणि शेवटी चौकटी भरायला वेळ उरत नाही. १२० मिनिटांत ४० गुण म्हणजे गुणाला तीन मिनिटे, हे गणित सराव परीक्षेत घड्याळ लावूनच अंगी बाणते.

चुका ठरावीक जागी होतात. निश्चयकाच्या (सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांतील वजाबाकीच्या) पद्धतीने २क्ष − ३य = १२ व ३क्ष + २य = ५ ही समीकरणे सोडवताना मूळ निश्चयकाची किंमत (२ × २) − (−३ × ३) = ४ + ९ = १३ येते. उणे चिन्ह कंसात न धरणारा मुलगा ४ − ९ = −५ लिहितो आणि पुढचे सगळे फसते (खरी उत्तरे: क्ष = ३, य = −२). दोन्ही किमती मूळ समीकरणांत घालून पाहायला अर्धे मिनिट लागते. ही सवय लावणे हे शिकवणाऱ्याचे काम. नुसते ‘नीट बघ’ म्हणून ती लागत नाही. सांख्यिकीत २०–२९, ३०–३९ असे वर्ग आले की मध्यक काढण्याआधी ते १९.५–२९.५ असे सलग करायचे राहून जाते. भूमितीत समरूप त्रिकोणांची नावे शिरोबिंदूंच्या जोडीच्या क्रमाने न लिहिल्यामुळे बाजूंची गुणोत्तरे उलटीसुलटी होतात. प्रमेयात पक्ष, साध्य व सिद्धता लिहून पायरीपुढचे कारण सोडले, तर गुण त्या कारणाचे जातात. रचनेतले कंपासाने काढलेले कंस खोडरबराने पुसून आकृती ‘स्वच्छ’ करणारी मुले तर दरवर्षी भेटतात, आणि तपासणाऱ्याला पुरावा म्हणून नेमके तेच कंस हवे असतात.

परीक्षेचे नियम बदलले की शिकवणीही बदलते. २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे सहापैकी उत्तम पाच विषयांचे ५०० पैकी गुण टक्केवारीसाठी धरले जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो निर्णय त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकला. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले गेले. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर उतरला आणि एरवी घरीच उरकल्या जाणाऱ्या मराठी-इतिहासाच्याही बॅचेस निघाल्या. गुण परत दिल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. मात्र त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे लागते. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हातात देणे बंद होऊन ती दहा मिनिटे शेवटी मिळू लागली, तेव्हा ‘आधी सगळा पेपर वाचून घे’ हा जुना सल्लाही सुधारावा लागला.

क्लासचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखेच असते: दिवाळीपर्यंत बराचसा पोर्शन, डिसेंबरात उरलेला, जानेवारीत शाळेच्या पूर्वपरीक्षेबरोबर सराव पेपर, आणि पुढे लेखी परीक्षेपर्यंत शंका-निरसन. पोर्शन ऑक्टोबरातच संपवल्याची जाहिरात करणाऱ्या क्लासमध्ये बहुधा उदाहरणसंग्रहातली अवघड गणिते गाळलेली असतात. तासाभराच्या बॅचमध्ये वह्या तपासायला पंधरा मिनिटे द्यायची, तर पंधरावीस मुलांपलीकडे ते जमत नाही; साठ मुलांच्या वर्गात ते काम उत्तरांच्या छापील पानांवर सोपवले जाते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. पण तो कायदा पहिली ते आठवीच्या शिक्षणापुरता आहे. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रात प्रवेश देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे निदान एक चौरस मीटर जागा असावी. या सूचना पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांनाच लागू असल्याने घरातल्या पुढच्या खोलीत चालणारी शिकवणी त्यांच्या कक्षेत येत नाही.